आठवीची शिष्यवृत्ती, इंग्रजीचे समानार्थी शब्द आणि 'वेटी' पाऊस

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, मराठी माध्यम, यंदा शिष्यवृत्तीला बसलीय. गणित आणि बुद्धिमत्ता ती तिची तिची करते, मराठीचं बघायलाच नको. अडलंय ते तृतीय भाषा इंग्रजीपाशी. २५ प्रश्न, ५० गुण.

शिकवणीतून तिला समानार्थी शब्दांची झेरॉक्स मिळालीय, साधारण ४०० शब्द. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचे तीन-चार भाऊबंद. पोरगी झोपाळ्यावर बसून पाढे म्हणावेत तशी म्हणते: बिग, लार्ज, ह्यूज, ग्रेट. स्ट्राँग, पॉवरफुल, मायटी. मी घरी विचारले तर वीसपैकी वीस. मी खूश.

मागच्या आठवड्यात शाळेत पावसाळी दिवसावर दहा ओळी लिहायच्या होत्या. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, त्यामुळे पावसाची माहिती भरपूर. आमच्या कन्येने लिहिलं: 'देअर वॉज वेटी रेन. अवर रूफ वॉज फीबल. फादर ड्रँक पॉवरफुल टी.' बाईंनी तिन्ही ठिकाणी लाल गोल केले. घरी येऊन वही माझ्यापुढे आपटली. "यादीत आहे ना! हेवी म्हणजे जड, वेटी म्हणजेही जड. मग माझं काय चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. चुकलंय हे कळतं, का ते सांगता येईना. ती तेव्हापासून यादीला हात लावत नाही. म्हणते, "खोटी आहे ती." परीक्षेला तीन महिने राहिलेत. यादी बंद करू की दामटून करून घेऊ?

फटकळ_काका

दामटून करून घ्या. आमचे आजोबा तर्खडकरांच्या पाठमाला घोकून इंग्रजी शिकले आणि कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क झाले. शब्दच ठाऊक नसेल तर तो कुठे वापरायचा याची चर्चा कशाला? आधी गोणीत धान्य तर भरा, निवडणं-टिपणं मागनं. हल्ली पोरांना पाठ करा म्हटलं की पालकांनाच ताप येतो.

खडूफळा

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षं शिकवतोय, अकोले तालुक्यात. तुमच्या लेकीची ती वही मला फ्रेम करून वर्गात लावावीशी वाटतेय. 'वेटी रेन' लिहिणारी पोर शब्द वापरायला धजावते. बहुतेक पोरं यादी पाठ करतात आणि निबंधात पुन्हा 'बिग रेन'च लिहितात.

तिला इंग्रजीतून समजावत बसू नका. चहापासून सुरुवात करा. मी वर्गात फळ्यावर पाच शब्द लिहितो: कडक, टणक, कठीण, कठोर, खडतर. विचारतो, यांचा अर्थ एकच का? पोरं म्हणतात, हो सर, जवळजवळ एकच. मग म्हणतो, "मला एक कठोर चहा आणा." वर्ग खदखदतो. मग तीच सुटतात. कठीण चहा! खडतर लाडू! टणक शिक्षा! एकदा एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, हेडमास्तर टणक आहेत." तो मात्र बरोबर होता.

हसून झालं की विचारायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? कडक चहा, कडक ऊन, कडक इस्त्री; पण पेपर कठीण, शिक्षा कठोर, प्रवास खडतर. कुठल्या पुस्तकात लिहिलंय? कुठेच नाही. कानावर पडून पडून बसलं. प्रत्येक शब्दाची ऊठबस ठरलेली असते, तो कोणाच्या घरी जेवतो आणि कोणाच्या उंबऱ्याला पाय लावत नाही ते ठरलेलं असतं. इंग्रजीतही तेच. रेनच्या घरी हेवी जातो, वेटीला तिथे ओळख नाही. टीच्या घरी स्ट्राँग जातो, पॉवरफुल जात नाही, तो इंजिनकडे जातो. यादी खोटी नाही, फक्त ती शब्दांची नुसती नावं सांगते, पत्ते सांगत नाही.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच द्यायचा नाही. हेवी नाही, हेवी रेन. फीबल नाही, फीबल व्हॉइस. म्हाताऱ्या माणसाचा क्षीण आवाज. छप्पर वीक असतं. शब्द त्याच्या सोबत्यासकट पाठ करायचा. पाठांतर तेवढंच लागतं, पण निबंधात उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट दोरीची. वर्गात कपडे वाळत घालायची दोरी बांधतो आणि चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या. आधी मराठी: कोमट, ऊन, गरम, कढत, उकळतं. कुठली आधी, कुठली नंतर यावर पोरं भांडतात. भांडू द्यायचं. ऊन आणि गरम यांवर तर अर्धा तास गेला होता एकदा. एक मुलगी म्हणाली, आंघोळीचं पाणी गरम असतं पण भात ऊन ऊन असतो. मग त्याच दोरीवर खाली इंग्रजी: टेपिड, वॉर्म, हॉट, स्कॅल्डिंग, बॉइलिंग. टेपिड हा अवघड शब्द, पण कोमटच्या खाली लटकला की विसरत नाहीत. त्या मुलीने विचारलं, सर, ऊन ऊन भाताला इंग्रजीत काय? मी म्हटलं, पायपिंग हॉट. तो तिने मला न विचारता वहीत लिहून घेतला.

पाटीपेन्सिल

सर, कठोर चहा आजच करून बघते. पण परीक्षेत निबंध नाही हो, गोल रंगवायचे आहेत. आणि आठवीला काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात ना? तिथे ही सोबत्यांची पद्धत चालेल का? तिथे तर जितके जास्त समानार्थी माहीत तितकं बरं, असं शिकवणीत सांगतात.

टेम्सकाठी

इंग्लंडातून लिहितेय. इथे ग्रामर स्कूलला, म्हणजे परीक्षा घेऊन निवडक मुलांना घेणाऱ्या सरकारी शाळेला, जायचं असेल तर दहा वर्षांच्या पोरांना 'इलेव्हन प्लस' द्यावी लागते. आमच्या शेजारच्या बकिंगहॅमशायर परगण्यात ती सहावी सुरू होते न होते तोच सप्टेंबरात असते आणि १२१ गुणांना पात्र ठरतात. त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, गटात न बसणारा शब्द यांचा नुसता पाऊस. (वेटी म्हणत नाही.) स्लाव, हॅरोकडच्या आपल्या देशी घरांमध्ये भिंतीवर, फ्रिजवर, बाथरूमच्या आरशावर शब्दांच्या चिठ्ठ्या. आमच्याकडेही होत्या.

मला सांगायचंय ते वेगळंच. इंग्रज पोरांना न येणारे काही शब्द माझ्या मुलाला येत होते, कारण घरी मराठी आणि आजीचे श्लोक. डेंटल बघून म्हणाला, दंत? इग्नाइट म्हणजे अग्नीचं काहीतरी. सर्पंट म्हणजे सर्प. मॉर्टल म्हणजे मृत्यूशी संबंधित. नॉमिनल म्हणजे नावापुरतं, हे तर त्याने इतकं पटकन सांगितलं की मीच चाट पडले. अंदाज दर वेळी बरोबर येत नाही, पण चारातले दोन पर्याय खोडायला पुरतो.

शब्दखोर

टेम्सकाठी, ते योगायोगाने नाही. दंत आणि लॅटिनमधला दात एकाच मुळाचे, अग्नी-इग्निस तसेच, नाम-नोमेन तसेच. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात. पण जपून. संत आणि सेंट सख्खे भाऊ वाटतात, नाहीत. संत 'सत्'वरून, सेंट लॅटिनच्या 'सँक्टस'वरून. मुलाला हेही सांगा, नाहीतर एक दिवस शिक्षकांशी वाद घालून येईल.

आता मूळ प्रश्नाकडे. पाटीपेन्सिल, तुमच्या लेकीच्या तक्रारीमागे फार जुनं कारण आहे. आपण पहिलीपासून समानार्थी शब्द पाठ करतो. सूर्य: रवी, भास्कर, दिनकर, मित्र. पाणी: जल, नीर, उदक, तोय. ही चाल अमरकोशाची. अमरसिंहाने तो श्लोकांत रचला, पाठ व्हावा म्हणून, आणि त्यात भरणा नामांचा. कविता करणाऱ्याला वृत्तात बसेल ते नाव हवं असायचं. चार मात्रांना भास्कर, तीन मात्रांना रवी. तिथे एकाच्या जागी दुसरा खरोखर चालायचा. त्या सवयीने आपण इंग्रजीची यादी हाती घेतो आणि फसतो.

खरं तर बोलताना आपणही अदलाबदल करत नाही. तांब्याभर उदक आण म्हणत नाही, पण एखाद्या गोष्टीवर उदक सोडतो. जलसमाधी असते, पाणीसमाधी नसते. प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजतात, नीर पाजलं तर त्याचे उपकार होतील.

इंग्रजीत समानार्थी शब्दांचा एवढा गोतावळा का, तर तिथे थरावर थर साचलेत. तळाला जुनी अँग्लो-सॅक्सन बोली, १०६६ ला नॉर्मन आले त्यांची फ्रेंच, आणि वर विद्वानांची लॅटिन-ग्रीक. म्हणून किंगली, रॉयल, रीगल अशी त्रिकुटं. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. आई आस्क करते, वकील क्वेश्चन करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. तळाचा शब्द घरगुती, वरचा कोट-टाय घातलेला.

आणि हे मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही फारसी-अरबीचा थर आहेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो त्याच थरावर उपाय म्हणून, सुमारे १४०० शब्दांचा. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. तरी दोन्ही राहिले आणि आपापल्या जागा धरून बसले. शेजाऱ्याला मदत करतो, सरकार अर्थसाहाय्य करतं. अर्ज भरतात, विनंती करतात, याचना करायची वेळ येऊ नये. फरक एवढाच की आपल्याकडे बऱ्याचदा बाहेरून आलेला शब्द रोजचा झाला आणि संस्कृत शब्दाला कोट-टाय मिळाला. लेकीला अशी जोडी दाखवून विचारा, यातला कोट घातलेला कोण? तिला बरोबर कळेल. मग बिगिन आणि कमेन्स दाखवा.

जाता जाता (अवांतर आहे, पण राहवत नाही): रॉजे नावाच्या डॉक्टरने १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, आपला समानार्थी शब्दांचा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतल्या तळटीपेत चक्क अमरकोशाचा उल्लेख आहे. कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवाद १८०८ ला श्रीरामपूरला छापला होता, आपल्या नगरकडच्या नव्हे, बंगालमधल्या. रॉजेला अमरकोशाची मांडणी गबाळी वाटली, हा भाग सोडा. त्याने पुस्तकाला नाव दिलं थिसॉरस, म्हणजे ग्रीकमध्ये खजिना. आणि कोश म्हणजे आपल्याकडे तरी दुसरं काय?

फटकळ_काका

व्याख्यान झकास. पण पोरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, पीएचडी नाही. तीन महिन्यांत राज्यव्यवहारकोशापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे वाटेत मुक्काम किती करायचे?

शब्दखोर

काका, मान्य. मला थांबवायला कोणीतरी लागतंच.

खडूफळा

काकांचं एक बरोबर आहे. शब्द माहीतच नसेल तर सोबती कुठून आणणार? फक्त ४०० ऐवजी दीडशे घ्या, तिच्या पाठ्यपुस्तकातले आधी. आणि हिशेब विसरू नका. इंग्रजीचे एकूण ५० गुण, त्यात समानार्थी शब्दांच्या वाट्याला मोजकेच प्रश्न. बुद्धिमत्ता १०० गुणांची, गणित १०० चं. रोज वीस मिनिटं शब्दांना, जास्त नाही.

आता ताईंनी विचारलेलं. दोन पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात दोन्ही गोल रंगवले तरच गुण. एक बरोबर आलं म्हणून अर्धा गुण नाही. त्यामुळे शिकवणीवाले म्हणतात त्यात तथ्य आहे, पण पोरं फसतात ती शब्द माहीत नसल्यामुळे कमी आणि जास्त माहीत असल्यामुळे अधिक. मी सरावाला देतो तो प्रश्न बघा. वाक्य: 'शी इज अ ब्राइट स्टुडंट.' ब्राइटखाली रेघ. पर्याय: शायनिंग, क्लेव्हर, इंटेलिजंट, कलरफुल. यादी पाठ असलेलं पोर शायनिंगवर झडप घालतं, कारण यादीत ब्राइटच्या पुढे पहिला तोच आहे. ब्राइट सन असता तर ते बरोबर ठरलं असतं. प्रश्न शब्दाचा नसतो, त्या वाक्यातल्या शब्दाचा असतो.

म्हणून माझ्या वर्गात एकच नियम. रेघ मारलेल्या शब्दावर बोट ठेवायचं, झाकून टाकायचा, आणि प्रत्येक पर्याय त्या भोकात घालून अख्खं वाक्य ओठांत म्हणायचं. चारही वेळा. पाच-सात सेकंद जातात. ९० मिनिटांत ७५ प्रश्न आहेत, तेवढी सवड इथे काढता येते.

यातच दुसरा सापळा पकडला जातो. वाक्यात रॅपिडली असेल आणि पर्यायात क्विक, क्विकली, स्पीड असतील, तर अर्थ तिघांचाही वेगाचाच, पण भोकात क्विकलीच बसतो. आणि हार्ड-हार्डली हे जुळे वाटतात पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही, पण तो कष्ट करतो असं माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी पोरं सांगतात.

रात्रपाळी

मोठ्यांनाही ही दोरी-चिमट्याची शाळा लावा हो. आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने मेलमध्ये 'सॉरी' फार वेळा येतंय म्हणून संगणकावर उजवी कळ दाबून समानार्थी शब्द निवडला. ग्राहकाला मेल गेली: 'वुई आर पिटिफुल फॉर द डिले.' ग्राहकाचं उत्तर आलं, 'वुई ऍग्री.'

टेम्सकाठी

रात्रपाळी, मेले हसून!

पाटीपेन्सिल, चिठ्ठ्यांबद्दल एक राहिलं. भिंतीवर लावलेल्या चिठ्ठ्या दोन दिवसांनी दिसेनाशा होतात, कॅलेंडरवरच्या गणपतीसारख्या. आम्ही शेवटी तीन डबे केले. रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. आलेला शब्द पुढच्या डब्यात, चुकला की पुन्हा रोजच्यात. लायटनर नावाच्या जर्मन माणसाची ही पद्धत, त्याचे पाच डबे होते, आमच्याकडे जागा तिघांपुरतीच. चिठ्ठीच्या मागे अर्थ लिहू नका. शब्द गाळलेलं वाक्य लिहा. आणि ते वाक्य मुलीलाच रचू द्या, घरातलं, माणसांच्या नावानिशी. माझ्या मुलाच्या 'स्टबर्न'च्या चिठ्ठीवर मी होते.

पाटीपेन्सिल

तीन आठवड्यांनी आले, माफ करा. आधी कठोर चहाचं सांगते. मी संध्याकाळी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, बाबांसाठी एक कठोर चहा टाक. पोरगी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे माझा पॉवरफुल टी असा ऐकू येतो का त्यांना?" एवढंच. पुढचं समजवायला लागलं नाही. जाऊन यादी काढली आणि शब्दांपुढे सोबती लिहायला लागली. काहींना सोबती सापडेना, ते शब्द तिने सरळ काट मारून टाकले. मी काही बोलले नाही.

डबे केले. दिवाळीचे मिठाईचे होतेच. 'लेझी'वर तिचे बाबा, 'फ्रूगल'वर मी. यावर घरात थोडी चर्चा झाली.

पण खरी गंमत सासूबाईंची. त्या चौथी शिकलेल्या, इंग्रजी अक्षर येत नाही. त्यांना रात्री झोप येत नाही म्हणून ही त्यांच्या खोलीत बसून चिठ्ठ्या वाचायला लागली. आजीला शब्द मराठीत समजावून सांगायचा आणि आजी विचारणार, "हे माणसाला म्हणतात का वस्तूला? चांगल्याला म्हणतात का वाइटाला?" थिन, स्लिम, स्किनी हे तिघं आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे एक नुसती बारीक, एक चवळीची शेंग आणि एक हाडाचा सापळा. मग सरळ तसं सांग की." खडूफळा सर, तुमची दोरी त्यांना आवडली असती. शब्दखोर, कोट घातलेला शब्द त्यांना दर वेळी ओळखता येतो, तो आला की म्हणतात, "हा तलाठी दिसतो."

सराव पेपरात या वेळी दोन पर्यायांच्या प्रश्नांपैकी बरेच बरोबर आले. एक मात्र घाईत चुकला, कारण झाकून न बघता गोल रंगवला. तो शब्द हार्डलीच होता, सर.

काल सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. पाक जरा पुढे गेला. संध्याकाळी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: 'दीज लाडूज आर हार्ड. नॉट डिफिकल्ट, नॉट स्ट्रिक्ट. ओन्ली हार्ड. सॉरी, आजी.'

सासूबाई म्हणाल्या, काय लिहिलंय ते वाच. वाचलं, अर्थही सांगितला. त्यांनी झाकण लावलं, डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "सांग तिला, आजी मात्र स्ट्रिक्ट आहे."